कॅसाब्लांका ते माँट्रियल, रोजा धरून

कॅसाब्लांकाहून माँट्रियल विमानाने साडेसात तासांवर आहे, हे भावाने फोनवर सांगितलं, आणि बाबांनी लगेच बेत ठरवला. दुपारी निघायचं, दिवस मावळला की विमानातच रोजा सोडायचा आणि पोचल्यावर नातू बघायचा. भावाला पहिला मुलगा झाला होता. रमजान संपेपर्यंत थांबायला बाबा तयार नव्हते. आई-बाबांना सोबत म्हणून मी निघाले.

बाबा खिडकीशी, आई मध्ये, मी कडेला. बाबांच्या घड्याळात आमच्या गावच्या, अझमूरच्या, सूर्यास्ताची वेळ झाली, तसा आईने खजूर, उकडलेली अंडी आणि तळून मधात बुडवलेल्या शेबाकियांचा डबा उघडला.

"झाक ते," बाबा म्हणाले. "ऊन आहे अजून."

"घड्याळ बघा की."

"घड्याळ अझमूरचं. सूर्य इथला."

मी त्यांना समोरच्या पडद्यावरचा नकाशा दाखवला. "बाबा, आपण पश्चिमेला चाललोय, सूर्याच्या मागे मागे. साडेपाच हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे, आणि सगळं उजेडातच जाणार. उतरेपर्यंत मावळायचा नाही तो."

"मग उतरल्यावर सोडू."

"प्रवासात सूट असते, हाजी," आई म्हणाली.

"तू घे ना सूट. मधुमेहाच्या गोळ्या तुला आहेत, मला नाहीत."

"आणि तुम्ही उपाशी असताना शेजारी बसून अंडी सोलू?" तिने डबा बंद केला.

मी खूप विनवलं. दोघंही ऐकेनात. हळूहळू आई गप्प झाली. बाबांच्या ते लगेच लक्षात आलं.

"बतूल, ढग बघ, कापूस पिंजून ठेवल्यासारखे."

"हं."

"शेबाकिया तुझ्या बहिणीच्या जास्त खुसखुशीत होतात, नाही?"

यावर एरवी अर्धा तास भांडण झालं असतं. आई काहीच बोलली नाही. बाबांनी तिचा हात हातात घेतला. तो गार आणि घामाने ओला होता. त्यांनी तिच्या मांडीवरचा डबा ओढून घेतला, तोंडावर ऊन पडलेलं असताना एक खजूर स्वतः खाल्ला आणि दुसरा तिच्या ओठांशी धरला.

"मी खाल्लाय. आता खा."

दोनतीन खजुरांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मग ती त्यांच्यासाठी अंडं सोलायला लागली.

"एकही रोजा चुकवला नाही म्हणून गावभर सांगत होतात ना?"

"अजूनही सांगेन. तू तेवढं तोंड मिटून बस."

"बघू."

उतरलो तेव्हाही ऊन होतंच. भावाच्या घरी सगळे टेबलाभोवती अजानची वाट बघत बसले होते. बाबा नातवाला घेऊन दाराशीच उभे राहिले. "मी वर विमानातच खाऊन आलोय," ते गालिच्याकडे बघत पुटपुटले. अजान झाली, तशी आईने हरीरा सुपाचा पहिला वाडगा त्यांच्यासाठी भरला आणि त्यांच्या हातातलं बाळ काढून घेतलं.

"बसा. इथे कुणी विचारलंय तुम्हाला?"

ईदनंतर एका बुधवारी, तिथेच, बाबांनी तो रोजा भरून काढला. त्या दिवशी दुपारी त्यांनी आईला समोर बसवून पोटभर जेवायला लावलं.