गेटवर कोन व्हतं

बसा हितं, पाय पसरून बसा. सुडाची गोष्ट सांगतो. मारामारी न्हाय हां यात, एक बाई खुर्चीत बसलेली हाय, बास. पन ऐका —

तांदळाचा एक दाना... कपाळावरच्या वल्या कुंकवात रुतून बसलेला, आर्धा आत, आर्धा भाईर, आन् भुवईवर मुंगी चालल्यागत त्यो सारजाला कळत व्हता, पन ष्टेजवर बसलेल्या बाईनं कपाळ खाजवायचं नसतं, म्हनून ती नुसती बसली व्हती, हात मांडीवर, मान ताठ, आन् डोक्यामागं फलक: ‘मुलींनो, विज्ञानाकडे या’.

भिगवनजवळची शाळा, विज्ञान दिन. सारजा कोकरे म्हंजे बिरदेव मेंढक्याची लेक. आता पुन्याला डॉक्टर हाय — सुई टोचनारी न्हाय, पानी तपासनारी. प्रयोगशाळेची गाडी घिऊन गावोगाव पोरींना सूक्ष्मदर्शक दावत हिंडते. मोरगावला गेली, कोऱ्हाळ्याला दोनदा गेली, पन ही शाळा, जिथं ती सोता शिकली, ती मातर दरसाल टाळायची... औंदा निमंत्रन आलं आन् त्यात अध्यक्ष म्हनून बोराटे सरांचं नाव दिसलं, तवा हिनं चहा पुरा व्हायच्या आत ‘येते’ म्हनून कळवून टाकलं.

आता ह्यो बोराटे कोन? सांगतो. सारजा धाव्वीला असताना तो विज्ञान शिकवायचा. तवा उजनीच्या पान्यावर मासेमारीच्या होड्यांचं डिझेल सांडायचं, रंगीत तवंग पसरायचा, आन् एकदा कातरनीच्या दिवसांत बापाच्या हातनं लोकरीचा एक पुंजका त्या तवंगात पडला तर पोरगी बघतीया, तेल चाललंय लोकरीत आन् पानी ऱ्हातंय खाली, नितळ. झालं. तिनं पिपात चाळन्या बसवल्या, चाळन्यांवर कच्ची लोकर आथरली, वरनं डिझेलचं पानी वतलं. सर खूश. बारामतीला जिल्ह्याचं प्रदर्शन व्हतं, तितं न्यायचं ठरलं. आन् तितं पोचल्यावर, पिंप टेबलावर ठिवल्यावर, सर म्हनले... आजबी तिला त्यो आवाज तसाच्या तसा ऐकू येतो, चुना मळता मळता म्हनलेला —

“सारजा, तू बोलतेस ते मेंढरं हाकल्यासारखं वाटतं. परीक्षक पुण्याचे आहेत. विजयसिंह सांगेल. तू गेटवर ताट घेऊन उभी राहा, स्वागताला मुली शोभतात.”

विजयसिंह कारखान्याच्या डायरेक्टरचा पोरगा. त्यानं लोकर आयुष्यात शालीबिगर कुठं बघितली नव्हती. पहिला नंबर आला. आन् त्याच परीक्षकांना गेटवर कुंकू लावलं कुनी? हिनंच की. घरी गेल्यावर बाप म्हनला, “आपल्या मेंढरांचं नाव झालं का गं?” ही म्हनली, “झालं की आबा.” बाप त्या रातीला हासत जेवला... त्यो घास, त्यो हासलेला घास, तिच्या घशात अडकला त्यो अजून.

लोक म्हनत्यात शिकायला दिवा लागतो. हिला त्या मास्तराचा राग पुरला. परीक्षा आली की बोराटे, परदेशातनं बोलावनं आलं की बोराटे. आज पुन्यापास्नं सगळा हायवे तिनं भाषान घोळवलं व्हतं, धार लावल्यागत. ‘मुलींनो, तुमच्या वाटेत काय आडवं येतं ते सांगते, आणि ते इथं माझ्या शेजारीच बसलं आहे.’ मंग त्याचं नाव, मंग चुना, मंग मेंढरं. त्याचे कान लाल झालेले तिला बघायचे व्हते. बाकी काय नको. नुसते कान.

आता सकाळचं एक ऱ्हायलं सांगायचं. मंडपात पोरांचे प्रयोग मांडले व्हते आन् एका टेबलावर मासळी वाळवायची उन्हाची पेटी व्हती, काच लावलेली, आतनं काळी रंगवलेली, माशी न शिरनारी. एक पोरगा माहिती सांगत व्हता. मागं नऊवारीत, हातात ताट घिऊन एक पोरगी उभी, राजनंदिनी तिचं नाव, मासळीवालीची लेक. पोरगा शब्द बोलायच्या आधी त्यो शब्द तिच्या व्हटावर येत व्हता. आतली दमट हवा भाईर कुठनं जाती हे सारजानं इचारलं तवा पोरगा अडला, आन् पोरगी हळूच म्हनली, “वरच्या भोकातनं, तापली की चढती ती.”

सारजाला कळलं, पेटी हिची हाय. कळायला काय येळ लागतो? आन् सारजाला कळलंय हे पोरीलाबी कळलं. मंग कुन्या बाईनं पोरीला पुढं ढकललं, पोरगी आली, आन् सारजानं... मान वाकवली. कुंकू लावून घेतलं. मनात म्हनली, नंतर बघू हिचं, आज माझी सगळी धार त्या म्हाताऱ्यासाठी राखून ठिवलीया, ती हितं कशाला खर्चू...

तर आता म्हातारा काठी टेकत माइकवर गेला.

“ही माझी सारजा,” तो म्हनला. “लोकरीनं पाण्यावरचं तेल टिपायचा प्रयोग हिचा. बारामतीला परीक्षकांसमोर ही एवढीशी पोर स्वतः उभी राहून सांगत होती. मी मागं उभा होतो. तेव्हाच म्हणालो, ही थांबायची नाही.”

टाळ्या. मंडप दनानला. सारजा त्याच्या तोंडाकडं बघत व्हती, लबाडी हुडकत व्हती, तवंग हुडकावा तशी... न्हाय. डोळे भरलेले म्हाताऱ्याचे, खरोखर भरलेले. त्यानं आठवनीतनं विजयसिंहाला उचलून टाकलं व्हतं आन् तिला तितं उभं केलं व्हतं, जिथं ती सोताला मनात रोज उभं करत आली. चोरानं चोरी केली ती केली, आन् आता तीच वस्तू आहेर म्हनून मांडीवर ठिवतोय, वर लोकं टाळ्या वाजवत्यात! सारजा मनात म्हनली, आता मी काय करू? बोलले तर म्हातारा रडंल, आन् लोकं म्हनतील, किती कोत्या मनाची बाई. मला त्याचं रडं नको. त्याला आठवलं पायजे. ज्याला आठवतच न्हाय त्याला मारायचं कसं... म्हंजे रिकाम्या रानात गोफन फिरवायची.

सर खुर्चीत येऊन बसले, वाकून म्हनले, “बरोबर सांगितलं ना, बाळ?”

ती म्हनली, “सर, त्या दिवशी गेटवर कोण होतं?”

म्हाताऱ्यानं इचार केला. मनापास्नं केला.

“गेटवर? स्वागताला मुली होत्या ना. कोण ते कसं आठवणार आता.”

तेवढ्यात हिचं नाव पुकारलं. ती उठली. भाषान तोंडात तयार व्हतं, पन जिभंला त्याची चव लागंना. माइक धरला आन् समोर बघितलं, तर खांबाला टेकून राजनंदिनी उभी, ताट खाली केलेलं, आन् नजर... थंड, सपाट, न हालनारी. कौतुक न्हाय तिच्यात. सारजाला ती नजर वळखू आली, आपल्याच अंगावरचं कापड दुसऱ्याच्या अंगावर दिसावं तशी. तिला वाटलं सरांकडं बघतीया पोरगी, म्हनून तिनं वळून बघितलं, पन सर चष्मा पुसत व्हते, लांब, भलत्याच बाजूला. नजर हिच्यावरच व्हती. हिची साडी, हिचं पेन, हिची सकाळी वाकलेली मान, सगळं पोरगी पाठ करून घेत व्हती, आन् हे पाठांतर इसरायचं नसतं हे सारजाएवढं कुनाला ठावं? भ्याली ती. आन् त्या भीतीच्या खाली, लई खाली, तिला गार वाटलं. हिला तरी आठवंल. गेटवर कोन व्हतं आन् मान कुनी वाकवली, हिला आठवंल.

माइक खरखरला. लोकं थांबली व्हती. तिनं तोंड उघडलं —

काय बोलली ते मी न्हाय सांगत. तुमी भिगवनला जाता न्हवं मासं खायाला? ती राजनंदिनी आईसंगं बाजारात बसती. भेटली तर माझं एवढं ऐका, पाव्हनं. मासं घ्या, भाव करा, पन तिला तेवढं ‘जाऊ दे, बाय, इसर आता’ म्हनू नका.