समोरासमोरची दारं

माझ्या नवऱ्याने, विब्रांडने, ते स्थानक कागदावर काढलं तेव्हा हिल्ला माझ्या पोटात होती. लहान गावांसाठीचं साधं रेल्वेस्थानक. मधे तिकीटखिडकी, डावीकडे बसायची खोली. तिला दोन दारं, एक गावाकडे, एक फलाटाकडे, अगदी समोरासमोर.

“अरे, आपल्याकडचा वारा आरपार जाईल की,” मी म्हणाले.

“वाऱ्याला कुठे तिकीट लागतं? जाऊ दे त्याला!” तो हसला. मीही हसले.

नकाशा मंजूर झाला. आमच्याकडे रेल्वेचा एकच नकाशा गावोगाव जातो आणि तेच स्थानक जागोजाग उभं राहतं. पहिलंच उघडलं त्या फेब्रुवारीत हिल्ला दोन वर्षांची होती. आम्ही दोघी त्या खोलीत गाडीची वाट बघत होतो. कालव्यावरचा पूल बर्फाने अडला, गाडी दीड तास आली नाही. पाय शेकायच्या पेटीतले निखारे विझले. माणसं आतबाहेर करत राहिली, आणि दोन्ही दारं एकदम उघडली की हिल्ला माझ्या शालीत दचकायची. नवव्या दिवशी ती गेली. वाऱ्यामुळेच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणते.

विब्रांडला बढती मिळाली. अकरा गावांत तीच खोली झाली. मी पुन्हा त्यातल्या एकाही गावी गेले नाही.

बाराव्या उद्घाटनाला तो म्हणाला, “चल ना. मार्टेनलाही घे. मुख्य कचेरीला लिहिलंय मी, एक दार सरकवा म्हणून.”

“मग?”

“उत्तर नाही आलं अजून. पण बांधणाऱ्याला सांगितलंय.”

म्हणून गेले. आमच्या सात महिन्यांच्या मार्टेनला छातीशी धरून, दर दोन मिनिटांनी त्याच्या नाकाशी बोट नेत.

दार ढकललं. समोरच्या दारातून फलाट दिसला, सरळ.

मी मागे फिरले आणि बाहेर भिंतीच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. स्टेशनमास्तर आला. “काय हो बाई, नवऱ्यानं बांधलेलं पसंत नाही वाटतं?”

विब्रांड त्याच्यामागेच होता. माझा चेहरा बघून त्याने आत पाहिलं, त्या दोन दारांकडे. बराच वेळ.

“मी सांगितलं होतं गं,” तो एवढंच म्हणाला.

“हो.”

तो वाऱ्याच्या बाजूला, आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या लांब कोटाचे पदर फडफडत होते. आतून त्याचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, पुन्हा पुकारलं.

“जा,” मी म्हणाले.

“तुमची गाडी येऊ दे आधी,” तो म्हणाला.