कुंकवाचं बोट, बुक्क्याचं बोट

पैज लागली ती कानिफनाथच्या ओट्यावर. कानिफची बायको बायडाबाई, चौथी शिकलेली. ऊसतोडीला गेल्यावर पाचटाच्या कोपीत अंधारात रांधून वैतागली आणि एका संस्थेत जाऊन सोलरचे दिवे बनवायला शिकली. आता तिच्याच हाताखाली शिकायला पार आफ्रिकेतल्या मलावीहून चिकोंडी नावाची बाई आली होती. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती.

शेजारचा गहिनीनाथ म्हणजे पन्नाशी गाठलेलं खोडकर बेणं. तो म्हणाला, महिन्यात या बाईच्या हातनं दिवा लागला, तर भर बाजारात डोक्यावर सोलरचा काचेचा पाटा घेऊन उन्हात उभा राहीन, दिवा चार्ज होईस्तोवर. नाही लागला तर कानिफनं राहायचं. टाळी पडली.

पण बायडाबाई त्याच्या वरताण निघाली. तिनं देव्हाऱ्यातलं कुंकू आणि बुक्का आणला. दिव्याच्या पेटीत लाल वायर जोडायची तिथं कुंकवाचं बोट ओढलं, काळी जोडायची तिथं बुक्क्याचं. चिकोंडी ती बोटं बघून भराभर शिकली. जेवणाच्या सुट्टीत ती मोबाईलवर फोटो दाखवायची. तिच्या गावचा दवाखाना, एकच खोली, वीज नाही, बाळंतपणं मेणबत्तीवर. महिनाअखेरच्या परीक्षेत पास झाली तर वीस दिव्यांचं सामान तिच्यासंगं जाणार होतं. गहिनीनंही ते फोटो पाहिले होते. पाहिले, आणि त्याला पैजच आठवली.

परीक्षेच्या सकाळी संस्थेचे साहेब यायच्या आधी त्यानं पेटीतली बोटं पुसली आणि उलटी ओढली. लाल तिथं काळं, काळं तिथं लाल.

चिकोंडीनं बोटं बघून वायरी जोडल्या, बटण दाबलं. दिवा लागला नाही. सगळं उसकटून पुन्हा जोडलं. तरी नाही. बघायला बसलेल्या गहिनीनं हसू दाबायला उपरण्याचा बोळा तोंडात धरला होता. साहेबांनी पेन उघडलं. बायडाबाईचा चेहरा उतरला. तेव्हा चिकोंडीनं हात मांडीवर ठेवले आणि महिन्यात कानावर पडलेल्या मोडक्या मराठीत म्हणाली, “चूक माजी. ताई चांगली शिकवते.”

गहिनीनं तोंडातला बोळा काढला. आजवर त्यानं गावाला शंभरदा बनवलं, पण आपली खोडी अशी दुसऱ्यानं अंगावर घेतलेली कधी बघितली नव्हती. कान तापले. उठावं की पळावं, कळेना.

“साहेब, थांबा,” तो खाली बघत म्हणाला. “बोटं मी उलटी वढली.”

कोणी हसलं नाही. बायडाबाईनं त्याच्याकडं बघितलं. “भावजी, मस्करी माज्यासंगं करायची. तिच्या गावच्या बाळंतिणीसंगं न्हाई.”

तिनं खुणेनं सांगितलं, चिकोंडीनं वायरी बदलल्या, दिवा लागला. साहेबांनी पास लिहिलं. कानिफ म्हणाला, जाऊ दे पैज, झालं ते झालं. गहिनीनं ऐकलं नाही.

बाजाराच्या दिवशी तो भेळेच्या गाडीशेजारी डोक्यावर पाटा धरून उभा राहिला. येणारा जाणारा विचारायचा, गहिनी, काय नवीन सोंग काढलं? एरवी त्यानं दहा थापा मारल्या असत्या. आज प्रत्येकाला खरं सांगत होता, आणि दर वेळी आवाज अजून बारीक होत होता.

मग चिकोंडी दिवा घेऊन आली. पाट्याची वायर तिनं दिव्याला जोडली. गहिनीनं मान वर केली नाही. तिनं त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला जरासं दक्षिणेकडं वळवलं, बायडाबाईनं शिकवलं होतं तसं, पाट्यावर ऊन नीट पडावं म्हणून.

दिवा भरायला अजून चार तास होते.