दत्तारामच्या फियाटचे ब्रेक

दत्ताराम उतेकरला गाड्यांतलं सगळं कळतं, असं पोलादपूरच्या स्टँडवर ज्या मोजक्या माणसांना वाटायचं, त्यांत पहिला स्वतः दत्ताराम होता. तीस वर्षं त्याने मुंबईत बेहराम शेठची राखाडी फियाट चालवली. शेठ गेले, त्यांची मुलगी परदेशी निघाली आणि जाताना चावी दत्तारामच्या हातात ठेवून म्हणाली, "ही गाडी तुमच्याशिवाय कोणाचं ऐकणार नाही." दत्तारामला भरून आलं. गॅरेज लगेच रिकामं करून द्यायचं होतं आणि भंगारवालासुद्धा गाडी बघून नाक मुरडून गेला होता, हे त्याला पुढे कळलं. पण तोवर तो फियाटसकट आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या आपल्या वाडीत येऊन बसला होता आणि शेठच्या मुलीचं वाक्य वाडीभर सांगून झालं होतं.

खरं म्हणजे त्याला गाडीतलं काही कळत नव्हतं. चावी फिरवली की ती चालू होते आणि पाय दाबला की थांबते, एवढं ज्ञान त्याला तीस वर्षं पुरलं होतं. बाकीचं बघायला शेठचा मेकॅनिक यायचा. त्याने बॉनेट उघडलं की दत्ताराम चहाला जायचा.

दिवाळीनंतर ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. एकदा दाबून गाडी थांबेना, दोनदा दाबावं लागे. दत्ताराम शेजारी बसलेल्याला सांगायचा, "जुनी गाडी आहे. तिला आधी कल्पना द्यावी लागते, मग ती थांबते." ऐकणारा मान डोलवायचा. एके दिवशी ब्रेक ऑइलची डबी रिकामी दिसली, तेव्हा त्याने घरात उरलेलं इंजिन ऑइल तीत ओतलं. ऑइल ते ऑइल. बायकोने, दर्शनाने, विचारलं, "अहो, कोणाला विचारलंत तरी का?" तर म्हणाला, "मला विचारायला लोक येतात."

अशात वरच्या आळीतल्या चंद्राबाईच्या नातीचं, सेजलचं, लग्न ठरलं. सेजल मुंबईला नोकरीला होती. तिने फोनवरूनच जाहीर केलं की भाड्याची मोठी गाडी नको, मी दत्ताकाकांच्या फियाटमधून हॉलवर जाणार. दत्ताराम त्या दिवशी स्टँडवर दोनदा जाऊन आला, काही काम नसताना.

लग्नाला थोडे दिवस राहिले असताना गाडी धुऊनपुसून तो चंद्राबाईच्या घरावरून उतार उतरत होता. हळूच, लोकांना नीट दिसावी म्हणून. वळणावर पाय दाबला तर पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबलं. ते वर आलंच नाही. त्याने गाडीला कल्पना दिली, विनवलं, शेठचं नाव घेतलं. गाडी बांध ओलांडून खळ्यात शिरली आणि चंद्राबाईच्या पेंढ्याच्या उडवीत निम्मी घुसून शांत उभी राहिली. हँडब्रेक नावाची एक वस्तू असते, हे दत्तारामला तेव्हा आठवलं.

दार उघडेना. खिडकीतून पेंढा आत आला होता. तो बाजूला सारत चंद्राबाईने आत डोकावलं.

"लागलं का रे दत्ता?"

"नाय काकी."

"माझी नात ह्याच गाडीत बसायची हाय ना?"

दत्तारामने मान हलवली. तिच्यावरून पेंढ्याच्या काड्या गळल्या.

"मग असं कर," चंद्राबाई म्हणाली. "ब्रेक करून आण. आधी मी बसन. मी धड घरी आले तर सेजल बसल. नायतर तिला मी टमटममध्ये घालते."

माणसं जमली, गाडी मागे ओढली. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी हसू दाबून धरलंय हे मात्र त्याला दिसत होतं आणि ते जास्त लागत होतं.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरचा अक्षय मेकॅनिक मोटारसायकलवरून आला. त्याने गाडीखाली शिरून पेडलाच्या मागचा मास्टर सिलिंडर काढला, अंगणात कागदावर ठेवला आणि उघडला. आतली रबरं भिजलेल्या वाटाण्यासारखी टरारून फुगली होती. सिलिंडरच्या नळीत गंजाचे खड्डे पडले होते.

"काका, यात ओतलं काय होतंत?"

"ऑइल," दत्ताराम म्हणाला.

अक्षयने दर्शनाकडे पाहिलं. दर्शनाने आकाशाकडे पाहिलं.

"रबर नवीन मिळंल. पण ही नळी गेली. नवा सिलिंडर आता बनत नाय. आत स्लीव्ह, म्हंजे दुसरी पातळ नळी, बसवणारा कोणीतरी स्पेशालिस्ट गाठायला पायजे. माझं ते काम नाय."

दत्ताराम स्पेशालिस्टच्या शोधाला लागला. मुंबईच्या एका स्पेअरवाल्याने "आहे, आहे" म्हणून पार्सल पाठवलं. त्यातून निघालेला सिलिंडर ट्रॅक्टरला शोभेल इतका मोठा होता. मग कोणीतरी सांगितलं की जुन्या गाड्यावाल्यांचा फोनवर ग्रुप असतो, तिथे विचारा. दत्तारामला टाइप करायचा कंटाळा. तो फोनपुढे तोंड करून ठणठणीत आवाजात बोलला, "मास्टर सिलिंडर खराब झाला आहे, दुरुस्त करणारा माणूस हवा." फोनने लिहिलं, "मास्तर सिलिंडर खराब झाला आहे." न वाचता त्याने ते पाठवून दिलं. संध्याकाळपर्यंत गॅस एजन्सीचे तीन नंबर आले, एकाने मास्तरांच्या तब्येतीची चौकशी केली आणि एका सज्जनाने कळवलं की गॅस लीक होत असेल तर आधी खिडक्या उघडा. दर्शना इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. दत्तारामलाही हसू आलं, पण ते त्याने अंगणात जाऊन हसून घेतलं.

शेवटी महाडच्या ब्रेक लायनरवाल्याने नाव दिलं: रेश्मा जाधव. एमआयडीसीच्या वाटेवर तिचं लेथचं वर्कशॉप होतं, कंपन्यांचे पंप ती दुरुस्त करायची, आणि सिलिंडरला स्लीव्ह घालावी तर तिनेच. दत्तारामने फोन लावला.

"काका, रायगड जिल्ह्यात हे काम करणारी मी एकटी," पलीकडून आवाज आला. "रत्नागिरीचेपण माझ्याकडे येतात. पण सुटा भाग मी हातात घेत नाही. गाडी आणा."

"अहो, गाडीला ब्रेक नाहीत!"

"म्हणून तर आणायची."

टेम्पो मिळेना. तेव्हा रामा कळंबेचा ट्रॅक्टर ठरला. दोरी चालणार नव्हती, कारण ट्रॅक्टर थांबला की फियाट त्याच्यावर जाऊन आपटणार. म्हणून मधे लोखंडी पाईप बांधला. रामा पुढे, फियाटच्या स्टेअरिंगवर दत्ताराम आणि शेजारी, "मी बघते काय ते" म्हणत, दर्शना. पोलादपूरच्या बाजारातून ही वरात बैलगाडीच्या चालीने निघाली. ज्या ज्या माणसाला दत्तारामने फियाटचं कौतुक ऐकवलं होतं, तो तो नेमका त्या सकाळी रस्त्यावर होता. पहिल्यांदा दत्तारामने मान खाली घातली. मग लक्षात आलं की मान खाली घातली तर रस्ता दिसत नाही. तेव्हा त्याने एक हात खिडकीबाहेर काढला आणि पुढाऱ्यासारखा सगळ्यांना नमस्कार करत सुटला. हायवेला लागेपर्यंत त्याला ते थोडंसं आवडायलाही लागलं होतं.

रेश्मा जाधव चाळिशीची, अंगाने भरलेली, बोलायला लागली की थांबत नसे. तिने गाडीला एक फेरी मारली, दारावर थाप मारली आणि सुरू झाली. बाबांनी तिला लेथ कसा शिकवला, कुठल्या कंपनीचा इंजिनिअर हात टेकून तिच्याकडे आला, पुण्याच्या माणसाने नासवलेला पंप तिने कसा उभा केला. दत्ताराम मधे एकदा "आमच्या शेठकडे" म्हणाला, तर ती म्हणाली, "हां, ते असेल, पण ऐका." त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा "ऐका". स्टुलावर बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, आपण बोलतो तेव्हा समोरच्याला हे असं होत असेल काय? त्याने दर्शनाकडे पाहिलं. दर्शना अगदी सरावलेल्या चेहऱ्याने ऐकत होती.

काम मात्र रेश्मा जपून करत होती. सिलिंडर लेथवर चढवून तिने खड्डे पडलेली नळी आतून खरवडून काढली आणि पितळेची बारीक स्लीव्ह आत बसवून ती घासून गुळगुळीत केली. चाकांतले छोटे सिलिंडरही तिने काढले. सगळी रबरं फेकली, पाइप धुतले. "इंजिन ऑइल!" असं ती अधूनमधून स्वतःशीच म्हणायची. दर वेळी दत्ताराम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा.

काम दुसऱ्या दिवसावर गेलं. उतेकर नवराबायको महाडला दर्शनाच्या भावाकडे राहिले आणि सकाळी परत आले. नवं ब्रेक ऑइल भरून झालं. मग पाइपांतली हवा काढायची होती. दत्ताराम आत बसून पेडल दाबणार, रेश्मा खाली चाकापाशी पडून बोल्ट सैल करणार. "दाबा! धरा! सोडा!" चारही चाकं झाली. रेश्मा हात पुसत उठली.

"झालं. आता दगडासारखं पेडल लागेल. रेश्मा जाधवचं काम आहे."

दत्तारामने पेडल दाबलं. छान कडक होतं. पण अगदी शेवटी, तळाशी, गादीवर टेकल्यासारखं काहीतरी लागलं. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आता बोलावं की नाही? इंजिन ऑइल ओतणाऱ्या माणसाने कुठल्या तोंडाने बोलावं?

"रेश्माताई," तो चाचरत म्हणाला, "आत अजून हवा हाय."

"काका, मी स्वतः काढली."

"मला आतलं काय कळत नाय. ते तुम्ही बघितलंतच. पण ह्या पायाला हे पेडल तीस वर्षं ठाऊक हाय. शेवटाला ते हलतंय."

रेश्माने स्वतः बसून दाबलं. तिला काही लागलं नाही. ती काही बोलणार होती, पण दत्ताराम या वेळी कॅलेंडरकडे न बघता तिच्याकडे बघत होता. ती कुरकुरत पुन्हा खाली गेली. मागच्या डाव्या चाकाशी पाइपाचा सांधा किंचित सैल होता. तो आवळून तिने पुन्हा "दाबा" म्हटलं, तेव्हा ऑइलातून बुडबुडे आले, चांगले पुष्कळ.

रेश्मा खालून म्हणाली, "मी ते बघणारच होते."

हे वाक्य दत्तारामच्या फार ओळखीचं होतं. दर्शनाने त्याला खिडकीतून कोपराने ढोसलं, तसं त्याने पुन्हा एकदा पेडल दाबून पाहिलं. पेडल आता खरोखर दगडासारखं लागत होतं, आणि त्याला एवढा आनंद झाला की घरी येईपर्यंत तो गाणं गुणगुणत होता.

चंद्राबाई ठरल्याप्रमाणे परीक्षेला बसली. नऊवारी सावरून पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी. तिचं म्हणणं, घाटात थोडं वर जाऊ आणि मग उतरू. "मी सांगन तिथे थांबवायचं." उतरताना पहिल्या वळणाच्या आधी ती ओरडली, "थांबव!" गाडी जागच्या जागी उभी राहिली. दत्तारामला घाम फुटला होता. पुढे एका घरासमोर "थांबव!" तिथेही थांबली. चंद्राबाईने खिडकीतून हाक मारली, "ए ठकू! लग्नाला ये गो," आणि पिशवीतून पत्रिका काढून दिली. पुढच्या घरापाशी पुन्हा तेच. चौथ्या पत्रिकेला दत्तारामच्या ध्यानात आलं.

"काकी, ही परीक्षा हाय का आमंत्रणं?"

"थांबते तर हाय ना? मग गप चालव. उमरठपण राहिलंय."

उमरठही झालं. परत आल्यावर चंद्राबाई उतरली, गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवून तिने कानशिलावर बोटं मोडली आणि सेजलला फोन लावायला आत गेली.

लग्नाच्या दिवशी झेंडूच्या माळा लावलेली फियाट सेजलला घेऊन निघाली. सगळं व्यवस्थित होतं, फक्त दत्ताराम बिघडला होता. आजवर तो बेधडक चालवायचा, कारण आत काय आहे हे त्याला माहीतच नव्हतं. आता माहीत होतं. नाण्याएवढी रबरं आणि पितळेची एक नळी, त्यांच्या भरवशावर मागे नवरी. तो इतका हळू जाऊ लागला की मागे गाड्यांची रांग लागली. पुढचे बँडवाले चालत चालत लांब गेले आणि वाट बघत उभे राहिले.

"काका," सेजल मागून म्हणाली, "थोडं पळवा ना. मला आजच लग्न करायचंय."

त्याने पळवली. म्हणजे बँडवाल्यांना गाठलं. मुहूर्ताला थोडा वेळ शिल्लक असताना फियाट हॉलच्या कमानीखाली अलगद उभी राहिली, एकदाच पाय दाबून. सेजल उतरली, तिच्या मैत्रिणींनी गाडीसकट फोटो काढले. दत्ताराम कडेला उभा होता. फोटोत येण्यासाठी तो नेहमी जसा पुढे सरकायचा तसा सरकला नाही, कारण तो मान वाकडी करून मागच्या डाव्या चाकाशी ऑइल गळतंय का ते बघत होता.

जेवणाच्या पंगतीत नवऱ्या मुलाच्या मामाने त्याला गाठलं. त्यांच्याकडे जुनी जीप होती, ब्रेक लागत नव्हते. "हे काम कोणी केलं हो?"

दर्शनाने ताट बाजूला सरकवलं, कारण आता बेहराम शेठपासून सुरुवात होणार हे तिला ठाऊक होतं.

"महाडला रेश्मा जाधव," दत्ताराम म्हणाला. "नंबर देतो. गाडी सोबत न्या. आणि त्या बोलतील ते ऐकून घ्या."

मामा आभार मानून गेला. दत्ताराम जिलेबी खाऊ लागला. दर्शनाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अहो, बरं वाटत नाय का?"