वाकड्या पंखांचं ग्लायडर

मी पडदे शिवते, दुसऱ्यांच्या खिडक्यांचे. दिवसभर मशीनवर वाकून मान आखडते आणि घरी आले की दुसरी पाळी सुरू. नवऱ्याच्या शर्टाची बटणं, बुटाची नाडी, टूथपेस्टचं झाकण, गोळ्यांची पाकिटं फोडणं. आठ महिन्यांपूर्वी ह्यांना झटका आला आणि डावा हात लुळा पडला. पाय सुधारला, जरा ओढत का होईना, चालतात आपले आपण. हात मात्र नुसता लटकतो. तीस वर्षं ह्या माणसाने क्रेन चालवली, आणि आता शर्टाच्या बाहीलाही मीच. कीव येते हो, जीवही आहे त्यांच्यावर. पण कधीकधी हाक आली की वाटतं, भिंतीवर डोकं आपटून घ्यावं.

घरामागच्या टेकडीवर काही लोक रिमोटची ग्लायडरं उडवायला येतात. इंजिन नाही की आवाज नाही, नुसती वाऱ्यावर तरंगतात. हे खिडकीत बसून तासन्‌तास बघायचे. "असलं एक घ्यावं म्हणतो," एवढं तोंडातून निघायला दोन महिने लागले. मी लगेच हो म्हटलं. त्यांच्या हौसेसाठी म्हणाल तर तसं नाही. आठवड्यातून एक तास हे टेकडीवर असतील, एकटे, आणि मी पाय पसरून पडून राहीन. एवढाच माझा स्वार्थ.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. दुकानवाली पंचविशीतली पोरगी, बोटांवर गोंद वाळलेला.

"पहिलंच का, काका?"

"पहिलंच."

तिने दोन ग्लायडरं काढून समोर ठेवली. एक पांढरंशुभ्र, सडपातळ, सरळ पंखांचं. दुसरं जाड फोमचं, पंख मधूनच वर वाकलेले, नाकाला चिकटपट्टी.

"हे जुनं आहे का गं?" मी विचारलं.

"नाही मावशी, कोरं आहे. नाकावर पडणार हे ठरलेलंच, म्हणून आधीच चिकटवून देते."

ह्यांचा हात कधीच पांढऱ्यावर गेला होता. "हे द्या."

"दिसायला छानच आहे काका, पण फार नाजूक काम. दोन्ही हात रिमोटवर लागतात, आणि सोडल्या क्षणापासून लागतात. फेकायला दुसरं कुणीतरी हवं." ती ह्यांच्या डाव्या हाताकडे मुद्दाम बघत नव्हती. "हे वाकड्या पंखांचं तिरकं झालं तरी आपोआप सरळ होतं. रिमोट पट्ट्याने गळ्यात अडकवायचा, उजव्या हाताने ग्लायडर फेकायचं आणि तोच हात रिमोटवर आणायचा. तेवढा वेळ ते स्वतःला सांभाळतं. सगळं रिमोटच्या एकाच दांडीवर चालतं."

माझा जीव भांड्यात पडला. हेच, हेच हवं होतं मला!

ह्यांनी नाक मुरडलं. "बदक दिसतंय. शिकाऊ लोकांचं आहे."

"मग तुम्ही कोण लागून गेलात?" मी म्हटलं.

"पांढरंच घेऊ. एका हाताने जमवेन मी कसंतरी. आणि फेकायचं काय," ते माझ्याकडे वळले, "तू फेकशील की. तू असतेसच."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी नसेन."

"म्हणजे?"

"म्हणजे नसेन! मी टेकडीवर येणार नाही, फेकणार नाही, पडलेलं उचलून आणणार नाही. थकलेय मी, अहो. बटणांना थकलेय, नाड्यांना थकलेय. आठवड्यातला एक तास असा द्या मला, ज्यात तुम्हाला माझी गरज नाही. फार मागतेय का?"

पोरीला अचानक आतल्या खोलीतलं काहीतरी काम आठवलं. हे लालबुंद झाले. आठ महिन्यांत अवाक्षर काढलं नव्हतं मी, आणि काढलं ते परक्या दुकानात. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत, हेही खरं.

बराच वेळ ते पांढऱ्या पंखावरून अंगठा फिरवत राहिले. मग पांढरं बाजूला सरकवलं आणि आत हाक मारली, "पोरी, तो पट्टा आण."

पट्टा डोक्यावरून घालताना एकदा कानाला अडकला, एकदा चष्मा घेऊन खाली आला. माझे हात आपोआप पुढे झाले.

"राहू दे," ते म्हणाले. रागाने नाही. तिसऱ्यांदा बसला.

आता तिथे उभं राहून काय करावं मला कळेना. बाहेरच्या बाकावर येऊन बसले. ऊन कोवळं होतं. डोळा कधी लागला कळलंच नाही.

जागी झाले तेव्हा समोर ती पोरगी, हातात पाण्याचा पेला. मी धडपडून उठायला लागले. "हे कुठायत?"

"मागच्या मैदानात. फेकून बघतायत."

"एकटे?"

"एकटेच. पंधरा-वीस वेळा तरी पडलं असेल. स्वतःच जाऊन आणतात. मी विचारलं, मावशींना उठवू का? तर म्हणाले, अजिबात नाही. कधीची झोपलेली नाही ती."

पाय चपलेत सरकवले होते मी. तसेच बाहेर काढले आणि परत बाकावर घेतले.