तुला धरून

आईच्या वाद्याला हात लावायचा नसतो, हे लेकीला धड बोलता येण्याआधीच कळलं होतं. बाकीच्या वाद्यांना पोरांनी हात लावायचा नसतो. आईच्या थेरेमिनला तर खुद्द वाजवणाऱ्यानेही लावायचा नाही. विजेवर चालणारी एक लाकडी पेटी, उजवीकडे उभी दांडी, डावीकडे आडवी कडी. उजवा हात दांडीच्या जवळ गेला की सूर चढतो, लांब गेला की उतरतो; डावा हात कडीवर खाली आला की आवाज दबतो. मध्ये नुसती हवा. शेजारणी विचारायच्या, "आई काय करते गं तुझी?" लेक ऐटीत सांगायची, "हवा वाजवते."

घरी सांभाळायला कुणी नसायचं, म्हणून आई तिला कार्यक्रमाला बरोबर न्यायची. पण रंगमंचावर बिनकामाचं पोर कसं चालणार? मग आईने तिला पानं उलटायच्या कामाला लावलं. दांडीच्या उजव्या बाजूला, स्वरलिपीच्या स्टँडपाशी तिची जागा. आई कान देऊन सूर लावायची, पेटीवरची सूर लावायची चावी जराशी फिरवायची आणि म्हणायची, "तुला धरून लावलाय. आता जागचं हलायचं नाही."

तुला धरून. घरात ताटं घेताना, तिकिटं काढताना आई हेच म्हणायची. लेकीला वाटे, आपल्यालाही वादकांत मोजतात. ती फुशारून ताठ उभी राही.

पुढे ती मोठी झाली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, तरी कार्यक्रम आला की आईचा फोन ठरलेला. "पानं उलटायला येतेस ना?" कधी कधी ती कुरकुरायची, पण जायची.

आता आई नव्हती. तिने कबूल केलेला एक कार्यक्रम मात्र मागे राहिला होता. तो तिची शिष्या वाजवणार होती; एरवी तिची स्वतःची पेटी असे, पण हा आईच्याच पेटीवर. या शिष्येचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून आई तिला भिंगरी म्हणायची. "अख्ख्या जगात हेच वाद्य सापडलं तुला?" असं वर विचारायची.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी लेक पेटी मांडीवर घेऊन टॅक्सीने सभागृहात आली. "पानं उलटायला उभी राहू ना?" तिने विचारलं.

"नको हो ताई, मला सगळं पाठ आहे," भिंगरी प्रेमाने म्हणाली. "आज तुम्ही समोर बसून नुसतं ऐका."

लेक समोरच्या खुर्चीत जाऊन बसली. आईचं वाद्य समोरून ऐकायची तिची ही पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावेत तेच तिला कळेना.

तालीम सुरू झाली आणि पहिल्याच ओळीला सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. सूर उतरलेला होता. भिंगरीने हात दांडीजवळ नेला; वरचा सूर गाठायला जावं तर बोटं दांडीला टेकायला लागली. ती एक पाऊल पुढे सरकली, तर खालचे सूर गायब. चावी फिरवायची सोय नव्हती. झिजून ती आपोआप सरकायला लागली, तेव्हा आईने ती योग्य जागी आणून लाखेने कायमची पक्की केली होती.

"बाई गेल्या आणि पेटीचा घसा बसला," चेलोवाले काका पुटपुटले.

वाद्यवृंदाच्या संचालकांना सगळे पाठीमागे 'काडीवाले' म्हणत. त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. "पुन्हा." पुन्हा तेच. "हे बघा, चहापर्यंत सूर लागला तर ठीक. नाहीतर हा भाग क्लॅरिनेटला देतो. माझा नाइलाज आहे."

भिंगरीचा चेहरा रडवेला झाला. लेकीला दुसरं काही नको होतं. आईच्या पेटीतून तो सूर आईच्या मागे एकदा निघावा, एवढंच. आज तो क्लॅरिनेटकडे गेला, तर पेटी घरी जाऊन कपाटावर बसणार, हे तिला दिसत होतं.

पोरीला जरा धीर द्यावा म्हणून ती पाण्याची बाटली घेऊन वर चढली. सवयीने पाय उजव्या बाजूला वळले आणि स्टँड असायचा तिथे जाऊन थांबले. भिंगरीचा हात हवेत होताच. सूर वर सरकला आणि नेमका जागेवर येऊन बसला.

भिंगरीने हात तसाच धरून ठेवला.

"ताई, मागे व्हा बरं." लेक मागे झाली. सूर घसरला.

"या." ती आली. सूर आला.

"अगं बाई!" भिंगरी म्हणाली. "दांडीला जसा माझा हात कळतो, तसं तुमचं अंगही कळतंय. बाईंनी चावी पक्की केली ती तुम्ही शेजारी असताना."

"पानं उलटायला उभी होते मी."

"पानं?" भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. "ताई, बाई डोळे मिटून वाजवायच्या. पानं कोण वाचत होतं?"

खरंच की. इतकी वर्षं लेक आईच्या हाताकडे नाहीतर कागदाकडे बघत आली. आईच्या चेहऱ्याकडे बघायला तिला फुरसतच नव्हती.

तिने वाकून चावी पाहिली. चावीभोवती पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. त्या वेगवेगळ्या सभागृहांच्या खुणा असाव्यात, अशी तिची समजूत. आता त्यांचा अर्थ लागला. पोर वाढेल तशी आई चावी जरा जरा सरकवत गेली होती. मग पोर वाढायची थांबली, रेघाही थांबल्या. एकच रेघ बरीच पुढे, एकटी. लेकीला आठवलं: सातव्या महिन्यात ती पोट सांभाळत उभी होती आणि आई हसून म्हणाली होती, "आज भारी पडतेयस हं मला." तेव्हा तिला राग आला होता. आता हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"एकटीपुरतं लावून घेता आलं असतं की आईला," ती म्हणाली.

"आलं असतं," काका मागून म्हणाले. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, मग ती कशाला येईल?"

काडीवाले खाकरले. "चहा गार होतोय. सूर लागला ना? मग झालं."

संध्याकाळी सभागृह भरलं. उजव्या बाजूला स्टँड आला, त्यावर आईचे कागद. भिंगरीने पावलं रोवली, कान देऊन सूर पाहिला आणि मान न वळवता हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला धरून आहे. हलू नका."

लेक ताठ उभी राहिली. पानं तिने वेळच्या वेळी उलटली, एकही चुकू दिलं नाही. शेवटच्या लांब सुराला मात्र तिला एक हुंदका आवरता आला नाही. आवाज झाला नाही, अंग तेवढं हललं. सूर जरासा थरथरला आणि पुन्हा जागेवर आला.

पडदा पडल्यावर काडीवाले भिंगरीला म्हणाले, "शेवटचा कंप सुरेख घेतलात हो."

"तो माझा नव्हता," भिंगरी म्हणाली.

लेक खाली वाकून आईचे कागद क्रमाने लावत होती. पुढच्या वेळी लागणार होते.