बिनतारखेची सहल

"बाई, ती झाडं मेलेली आहेत," याओस्का म्हणाली. "मी दरवर्षी बघते ना."

मी फळ्यावर माझ्या माहेरचा डोंगर काढत होते. आमच्या कॉफीच्या थंड डोंगरांतून उतरून सहा-सात तास गेलं की बागासेसचा सपाट, तापलेला मुलूख लागतो. तिथे माझं माहेर, आणि माहेरासमोरच्या डोंगरावर कोर्तेसाची झाडं आहेत. उन्हाळ्यात, म्हणजे आमच्या फेब्रुवारी-मार्चात, त्यांच्यावर एक पान राहत नाही. आणि मग एका सकाळी सगळीच्या सगळी एकदम पिवळी होतात. दोन-चार दिवसांचा खेळ. हे मी पोरांना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी एक पिवळा खडू संपवते.

आमची शाळा एकशिक्षकी. पहिली ते सहावी मिळून चौदा पोरं आणि मी. याओस्का पंधरावी. तिचे आईवडील निकाराग्वाहून कॉफी तोडायला येतात. नोव्हेंबरात फळं लाल व्हायला लागली की यायचं, मार्चात शेवटची तोडणी झाली की परत. जातायेता त्यांचा रस्ता माझ्या माहेरावरूनच जातो. म्हणजे वर्गात तो डोंगर प्रत्यक्ष पाहिलेली माझ्याखेरीज ती एकटीच.

"मेलेली कशावरून?" मी विचारलं.

"एक पान नसतं. कॉफीचं झाड असं झालं तर बाबा म्हणतात, उपटून टाका."

तिच्या बाजूने ते बरोबरच होतं. आमच्याकडे बारा महिने हिरवं. पानं गळालेलं झुडूप म्हणजे रोग, हे इथलं तीन वर्षांचं पोरही सांगेल.

तेवढ्यात पाचवीतला हाफेत उठला. हा माझा वर्गातला वकील. "अगं, पण कॉफीपण तसंच करते की! पाऊस झाला की आठवड्याभरात सगळा डोंगर एका दिवशी पांढरा! वास तर इतका, की आमच्या आजीला चक्कर येते."

याओस्काने त्याच्याकडे बघितलं. "कॉफीला फूल येतं?"

सगळा वर्ग खो खो हसला. हाफेत तर बाकावरून घसरला. मला मात्र हसू आलं नाही. चालायला लागल्यापासून ही मुलगी कॉफीच्या ओळींतून वाढली. कुठलं फळ पिकलंय हे ती न बघता, नुसत्या बोटांनी सांगते. पण फूल यायच्या आत ती गेलेली असते आणि फळ लाल झाल्यावर येते. तिने कुठून बघावं?

"हसा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी नाहीच आहे. बाबांनी गावाकडे जमीन घेतली. आता आम्ही परत येणार नाही."

मग कुणी हसलं नाही. सहल काढायची हे मी त्याच तासाला ठरवलं. ती जायच्या आत तिला तो डोंगर पिवळा झालेला दाखवायचा.

सहल ठरवायला माणसाला तारीख लागते, आणि माझ्याकडे नेमकी तीच नव्हती. पालकांची सभा बोलावली तर पहिला प्रश्न तोच.

"कधी जायचंय, बाई?"

"झाडं फुलली की."

"ती कधी फुलणार?"

"भर उन्हाळ्यात एखादा चुकार शिडकावा येतो. तो आला की कळ्या जाग्या होतात. मग आठवडाभरात फुलतात."

"आणि शिडकावा?"

"ते कसं सांगणार?"

हाफेतची आई म्हणाली, "म्हणजे डबा कुठल्या दिवशी करायचा ते ढगांना विचारायचं तर!"

गावातली एकमेव बस विल्बर्थची. तो माझाच विद्यार्थी, आता पोट सुटलेला, तीन मुलांचा बाप. त्याने डोक्याला हात लावला. "बाई, गणितात मी उत्तराखाली रेघ मारली नाही म्हणून तुम्ही माझे मार्क कापायचात. आणि आता तारखेशिवाय बस मागताय?"

"बस तयार ठेव एवढंच म्हणतेय."

"तोडणी संपली की मला मजुरांना सीमेपर्यंत सोडायचंय. त्यानंतर एंजिनाचं काम काढलंय. माझी एकच फेरी आहे त्या बाजूला. ती कधी करायची ते तुम्ही आणि झाडं मिळून ठरवा."

मग आम्ही वाट बघू लागलो. पोरं रोज सकाळी दारातच विचारायची, "बाई, फोन आला?" माझी धाकटी बहीण एर्मिदा अजून माहेरीच राहते. तिला मी सांगून ठेवलं होतं. इकडे डोंगरावर शेवटची तोडणी सुरू झाली होती. तिच्यात लाल-हिरवं बघत नाहीत, असेल ते सगळं ओरबाडतात. रोज एकेक उतार मोकळा होत होता. याओस्का शाळेतून खिडकीबाहेर बघायची आणि किती ओळी राहिल्या ते मला सांगायची.

एका सोमवारी एर्मिदाचा फोन आला.

"ताई, काल शिडकावा झाला. धूळ बसली, बास, तेवढाच."

"कळ्या?"

"तपकिरी आहेत अजून. मुगाएवढ्या. रविवारपर्यंत उमलतील असं वाटतं."

मजुरांची बस गुरुवारी निघणार होती. मी संध्याकाळी याओस्काच्या वडिलांकडे, एवेनोरकडे गेले. तो बोचकी बांधत होता.

"तीन दिवस थांबा," मी म्हटलं.

"बाई, तुमचा शब्द मोडवत नाही. पण शनिवारी भाऊ कुंपण घालायला माणसं आणतोय. सगळ्यांना सांगू काय, की फुलं बघायला थांबलो होतो? सासू जन्मभर ऐकवेल."

त्याची बायको आतून म्हणाली, "आतासुद्धा ऐकवतेच."

दुसऱ्या दिवशी मी पोरांपुढे सगळं सरळ मांडलं. बस एकदाच जाणार. गुरुवारी गेलो तर याओस्का बरोबर असेल, पण झाडं कदाचित बंद असतील. विल्बर्थच्या पाया पडून त्याला रविवारपर्यंत थोपवलं आणि मजुरांना दुसरी गाडी बघायला लावली, तर आपल्याला नक्की पिवळा डोंगर दिसेल, पण ती नसेल.

मी घाई केली नाही. पोरांना विचार करायला वेळ दिला की ती खरोखर करतात.

"म्हणजे गुरुवारी गेलो तर नुसत्या काटक्या दिसणार?" हाफेतने विचारलं.

"होऊ शकतं."

पहिलीतली अरेलिस बोट तोंडातून काढून म्हणाली, "काटक्या पण मी कधी बघितल्या नाहीत."

संपलं. गुरुवार ठरला. याओस्का आभार वगैरे मानणारी नव्हे. ती म्हणाली, "काटक्याच आहेत हं. मग मला बोलायचं नाही."

गुरुवारी उजाडताना निघालो. बसच्या टपावर बोचकी, एक शिवणयंत्र आणि टोपलीत तीन कोंबड्या. खाली माझी चौदा पोरं आणि मजुरांची तीन बिऱ्हाडं. मक्याच्या भाकऱ्या आणि काळा घेवडा इकडून तिकडे फिरत होता. घाट उतरताना स्वेटर निघाले, मग मोजे निघाले. सपाटी लागली तशी पोरं खिडक्यांतून माना बाहेर काढून वर बघू लागली. एवढं मोठं आभाळ त्यांनी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे आभाळ दोन डोंगरांच्या मध्ये मावतं.

आणि मग ती झाडं आली. राखाडी, उघडी, वाऱ्यात एकमेकांवर खटखटणारी. मैलामागून मैल.

"बघा," याओस्का म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता.

दुपारी एर्मिदाच्या अंगणात उतरलो. सीमेवर सामान तपासून पलीकडे जाईपर्यंत अंधार होईल, म्हणून मजूर इथेच मुक्काम करून सकाळी सातला निघणार होते, आणि बस त्यांना सोडून परत येईपर्यंत मी आणि पोरं इथेच थांबणार होतो. समोर माझा डोंगर होता. राखाडी. मी एक फांदी खाली ओढली आणि याओस्काच्या हातात कळी दिली.

"कोरडी आहे," ती म्हणाली.

"नखाने सोल."

तिने सोलली. आत घडी करून ठेवलेलं काहीतरी होतं, पिवळं, ओलसर, पापणीएवढं. तिने ते बराच वेळ बघितलं, मग अरेलिसला दाखवलं. पोरं रांगेने येऊन बघून गेली.

"उद्या सातपर्यंत उघडेल?" तिने मला विचारलं.

"मला माहीत नाही गं."

रात्री वारा पडला. पहाटे मला कोंबड्यांच्या आवाजाने जाग आली, आणि बाहेर आले ती दारातच थांबले.

सूर्य अजून वर आला नव्हता, पण डोंगरावर उजेड होता. आधी वाटलं, पलीकडे वणवा लागलाय. मग अंगणातल्या झाडाकडे लक्ष गेलं. त्यावर पान नव्हतं, फांदी दिसत नव्हती, नुसतं फूल होतं. त्यामागचं झाड तसंच, त्यामागचंही. उतारभर, माथ्यापर्यंत, आणि माथ्यामागच्या डोंगरावरही. काल खटखटणारं सगळं रान आता आवाज न करता उभं होतं. फक्त मधमाश्यांचा एकच एक सूर, जमिनीतून येतोय असा. लहानपणापासून मी हे बघत आले, इतकी वर्षं फळ्यावर काढत आले, पण माझा खडू किती खोटा होता ते त्या सकाळी कळलं.

पोरं एकेक करून बाहेर आली. हाफेतने माझा हात धरला. गेल्या दोन वर्षांत त्याने कुणाचा हात धरला नव्हता.

याओस्का अनवाणी झाडाखाली गेली. खोडाला तिने तळहात लावला, जसा झोपलेल्या माणसाला उठवताना लावतात, आणि वर बघत राहिली. वरून एक फूल गरगरत आलं, तिच्या खांद्याला लागून खाली पडलं. तिने उचललं नाही. तिची मान खाली येतच नव्हती.

एवेनोर माझ्याजवळ उभा होता. टोपी हातात.

"आमच्या गावातही आहेत ही," तो हळूच म्हणाला. "तेरा वर्षांचा असताना पहिल्यांदा तोडणीला निघालो. तेव्हापासून मीही नाही बघितली. परत जाईपर्यंत झडून गेलेली असतात, नाहीतर फुलायची असतात. पोरीला सांगायचंही सुचलं नाही. मला वाटायला लागलं होतं, लहानपणी बघितलं म्हणून मोठं वाटलं असेल."

विल्बर्थने हॉर्न वाजवला. "चला, चला! सीमेवर रांग लागेल!"

"लागू दे," एवेनोर म्हणाला, आणि मुलीशेजारी जाऊन जमिनीवर बसला. थोड्या वेळाने त्याची बायको गुळाच्या गरम पाण्याचे कप घेऊन आली आणि तीही बसली. विल्बर्थने पुन्हा हॉर्न वाजवला नाही. तो बसच्या पायरीवर बसून होता, तोंड उघडं.

ते निघाले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. याओस्काने मला मिठी मारली. तिच्या केसांत परागांची पिवळी भुकटी होती. "बाई, कॉफीचं मात्र राहिलं," ती म्हणाली. मी म्हटलं, "राहिलं खरं." खोटं कशाला बोलायचं?

संध्याकाळी विल्बर्थ रिकामी बस घेऊन परतला. पोरं त्याला चिकटली.

"ती रडली का?"

"छे! खिडकीतून अर्धी बाहेर. सीमेवर पलीकडची एक बाई केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे तमालेस विकत होती, तिला पोरीने विचारलं, तुमच्याकडची झाडं कधी फुलली? ती म्हणाली, आजच, उजाडताना बघतो तर सगळी. पोरीने मला निरोप दिलाय, बाईंना सांगा, नजर पोचते तिथपर्यंत पलीकडेही पिवळंच आहे."

हाफेत म्हणाला, "पण बाई, एवढ्या लांब, आणि एकाच पहाटे? सगळ्यांना कुणी सांगितलं?"

शिडकाव्याचं, थंडाव्याचं मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. तो ऐकत होता, पण समाधान झालं नव्हतं. माझंही झालं नव्हतं.

"एवढंच माहीत आहे," मी म्हटलं. "पुढचं मला माहीत नाही."

त्याने मान हलवली. आम्ही सगळे पुन्हा अंगणात जाऊन बसलो. ऊन उतरत होतं, आणि डोंगर अजून तसाच उजळ होता.